कड्यावरची फळी आणि वैराग्याची नखी

चीनमधल्या हुआशान डोंगराचे ते छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिले असेल. सरळ तुटलेला पांढुरका कडा, त्याच्या पोटाला चिकटवल्यासारख्या दोन-तीन फळ्या आणि त्यांवर भिंतीकडे तोंड करून उभी असलेली माणसे. खाली धुके. धुक्याखाली काय आहे ते छायाचित्रात दिसत नाही आणि ते न दिसणेच बरे. खाली हमखास लिहिलेले असते, ‘जगातली सर्वांत धोकादायक पायवाट’. आपण ‘बाप रे’ म्हणतो आणि पुढे जातो.

मीही अनेकदा तसाच पुढे गेलो. तिथे जाण्याचा योग आलेला नाही आणि खरे सांगायचे तर तशी हिंमतही नाही. आमच्या लहानपणी घराकडून कुळागरात जायचे तर वाटेत एक व्हाळ लागे. त्यावर साकव होता. साकव म्हणजे काय, तर दोन माडाचे सोट आणि हाताशी धरायला एक बांबू. उन्हाळ्यात तो खेळ वाटे. पावसात मात्र त्या सोटांवर शेवाळ चढे, खालून तांबडे पाणी घोंगावत जाई आणि पलीकडे उभी राहून आजी ओरडे, “सकल पळयनाका!” खाली बघू नकोस हे सांगितले की माणूस हटकून खालीच बघतो. मी एकदा साकवाच्या मध्यावर अडकलो होतो. पुढे जाववेना, मागे फिरवेना. शेवटी आजीच आली, माझा हात न धरता माझ्यापुढे पाठमोरी चालू लागली, आणि तिच्या टाचांकडे बघत मी पार झालो. हुआशानची हकिकत वाचताना हा साकव सारखा आठवत राहिला.

छायाचित्राखालच्या ओळीत एक गोष्ट कधीच नसते. ती म्हणजे, तिथे ती फळी कुणी आणि कशासाठी ठोकली?

हुआशान हा चीनच्या पाच पवित्र पर्वतांपैकी पश्चिमेचा पर्वत. शान्शी प्रांतात, शीआन या जुन्या राजधानीच्या पूर्वेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर तो उभा आहे. सगळा ग्रॅनाइटचा. पाच शिखरे आहेत, त्यांत दक्षिणेचे सर्वांत उंच, सुमारे २१५५ मीटर. उंचीच्या हिशेबाने हिमालयापुढे हे काहीच नाही. पण सह्याद्रीतल्या माणसाला ठाऊक असते की डोंगराची भीती उंचीत नसते, कड्यात असते. ‘हुआशानला वाट एकच’ अशी चिनी भाषेत म्हणच आहे. १९४९ साली लाल सैन्याच्या एका छोट्या तुकडीने भलत्याच बाजूने चढून वरचे शत्रूचे ठाणे घेतले, तेव्हा ती म्हण खोटी पडली. १९९६ मध्ये उत्तर शिखरावर पाळणे गेले, २०१३ मध्ये पश्चिम शिखरावरही गेले, आणि म्हणीत काही राम उरला नाही.

ही जी जुनी एक वाट होती, तिच्यावर टप्प्याटप्प्याला नावे आहेत आणि ती मोठी बोलकी आहेत. दोन कड्यांच्या फटीतून जवळजवळ उभ्या पायऱ्या चढतात, ती ‘हजार फुटी’ फट. पुढे एक जागा अशी की कड्याला कान घासल्याशिवाय जाता येत नाही, तिचे नाव ‘कानघाशा कडा’. पण मला सर्वांत आवडला तो या सगळ्याच्या आधी, चढ खरा सुरू होतो तिथे असलेला एक मोठा धोंडा. चिनी भाषेत तो ‘हुइशिन’ धोंडा, म्हणजे मन वळवण्याचा दगड. इथवरची वाट सोपी. इथून पुढचा चढ मान वर करून पाहायचा आणि ठरवायचे. मन वळवायचे म्हणजे कुठे, पुढे की मागे, ते नाव सांगत नाही. आसपासच्या खडकांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी अक्षरे कोरून ठेवली आहेत. एक शूरांना पुढे चला म्हणते. दुसरे म्हणते, आईबापांची आठवण ठेव.

या दुसऱ्या कोरीव ओळीवर मी बराच वेळ थांबलो. ती भित्र्याने कोरली असे मला वाटत नाही. घरी कुणी वाट बघणारे आहे हे ज्याला कळते, त्याने ती कोरली असावी.

तो धोंडा मागे टाकून जे पुढे गेले, त्यांपैकी एकाची कथा चीनमध्ये घरोघरी ठाऊक आहे. हान यू (७६८-८२४) हा तांग काळातला थोर निबंधकार, दरबारी अधिकारी आणि कडवा कन्फ्यूशियन. बुद्धाचे अस्थिशेष राजवाड्यात आणण्याविरुद्ध त्याने ८१९ साली थेट सम्राटाला अर्ज लिहिला आणि त्यापायी दूर दक्षिणेला फेकला गेला. ताओवाद्यांचेही त्याला वावडे होते. असा हा निधड्या लेखणीचा माणूस हुआशान चढला. चढताना काही वाटले नाही. उतरायची वेळ आली आणि पाय लटपटले. नवव्या शतकातच लिहिलेल्या एका बखरवजा पुस्तकात म्हटले आहे की त्याने निरोपाचे पत्र लिहिले, वेड्यासारखा आक्रोश केला आणि हुआयिनच्या अंमलदाराला नाना खटपटी करून त्याला खाली आणावे लागले. दोन्ही बाजूंना दरी असलेल्या ‘निळ्या अजगराच्या’ कण्यावर त्याने ते पत्र खाली टाकले, असे लोक सांगतात आणि जागाही दाखवतात. पुढे कधीतरी शंभरी गाठलेल्या एका यात्रेकरूने, आपण इथे हान यूला हसलो, असे तिथेच कोरून ठेवले. सम्राटापुढे न डगमगणारा माणूस दगडाच्या कण्यावर डगमगला, यात हसण्यासारखे काय आहे मला कळत नाही. सरकारी नोकरीतला माणूस म्हणून माझी सहानुभूती हान यूला आहे.

आता ती फळी. ती मुख्य वाटेवर नाहीच. हे फार थोड्यांना ठाऊक असते. दक्षिण शिखराजवळ ‘दक्षिण स्वर्गद्वार’ नावाची दगडी कमान आहे, तिच्यातून बाहेर पडले की ही आडवाट सुरू होते. आधी कड्यात खोदलेली अरुंद पायवाट. मग एका फटीत आडव्या ठोकलेल्या लोखंडी सळयांवरून सरळ खाली उतरायचे. या टप्प्याला चिनी लोक ‘कोंबडी माचावरून उतरते तसे’ या अर्थाचे नाव देतात, आणि ज्याने मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या आहेत त्याला आणखी वर्णन करून सांगायला नको. त्याखाली शेवटचा टप्पा, छायाचित्रातला. कड्याला भोके पाडायची, त्यांत दगडी मेखा पाचरीसारख्या ठोकायच्या आणि त्यांवर तीन-तीन लाकडी वासे आडवे टाकायचे. वाशांची मिळून रुंदी जेमतेम पाऊल मावेल एवढी. हाताशी कड्याला बांधलेली साखळी. कड्याला पोट लावून सरकत जायचे. आता कमरेला पट्टे बांधल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत, पण पट्टे काल-परवाचे आणि वाट सातशे वर्षांची.

डोंगराच्या पोटात तुळया रोवून वाट काढायची ही विद्या मात्र त्याहून कितीतरी जुनी. शान्शीतून दक्षिणेच्या सेच्वानकडे जाणाऱ्या छिनलिंग पर्वतरांगेत नदीच्या अंगाने शेकडो मैल असे लाकडी रस्ते होते. सैन्ये त्यांवरून गेली, धान्य गेले. इ.स.पूर्व २०६ मध्ये हान वंशाचा संस्थापक लिऊ बांग याने, आपण परत येणार नाही अशी शत्रूची समजूत व्हावी म्हणून, मागचा रस्ता जाळून टाकला होता. आपल्याकडे येणारे चिनी यात्रेकरूही अशाच वाटांनी आले. इ.स. ४०० च्या सुमारास फाहियान सिंधू नदीच्या घळीतून उतरला. कड्यात खोदलेल्या पायऱ्या-शिड्या त्याने सातशे सांगितल्या आहेत, आणि तळाशी दोरांचा झुलता पूल. विनयपिटकाच्या शोधात निघालेल्या माणसाला आधी सातशे पायऱ्या मोजाव्या लागल्या.

म्हणजे वाट काढण्याचे तंत्र सैन्याचे आणि व्यापाऱ्याचे. हुआशानवर ते एका बैराग्याने वापरले.

त्याचे नाव हअ झीझन. तेराव्या शतकातला, युआन म्हणजे मोंगल अमदानीतला. ताओ परंपरेतला ‘छुआनजन’ म्हणजे पूर्ण सत्याचा जो पंथ, त्याच्या हुआशान शाखेतला हा साधू. या पंथाचा मूळ पुरुष वांग चोंगयांग (१११३-११७०) शीआनजवळच्या डोंगरांत स्वतः खोदलेल्या थडग्यात जवळजवळ तीन वर्षे राहिला होता आणि त्या जागेला तो ‘जिवंत मेलेल्याची समाधी’ म्हणे. त्याच्या सात प्रमुख शिष्यांपैकी छिऊ छूजी याला चंगीझखानाने मध्य आशियात भेटीला बोलावून घेतले होते, १२२२ साली. अमर होण्याचे औषध आहे का, असे खानाने विचारले. तसले औषध नाही, असे साधूने स्वच्छ सांगितले. खान चिडला नाही. त्याने पंथाला सारा माफ केला आणि पुढची काही दशके छुआनजन मठांची भरभराट झाली. सातांपैकी दुसरा हाओ दातोंग, त्याच्या नावाने हुआशानची शाखा चालते.

तर झीझनची कथा. कथाच आहे, तिला कागदपत्राचा आधार मागू नये. तो हुआशानवर आला आणि ध्यानासाठी एक गुहा खोदू लागला. खोदून झाली तेव्हा दुसरा एक साधक आला आणि म्हणाला, मला बसायला जागा नाही. झीझनने गुहा दिली आणि दुसरी खोदायला घेतली. ती झाली तेव्हा तिसरा आला. असे करता करता म्हणे बहात्तर गुहा झाल्या. (आपल्या गोष्टींतही असे आकडे ठरलेले असतात, तेव्हा बहात्तर मोजत बसू नये.) आयुष्य खोदण्यात चालले, बसणे राहूनच गेले. शेवटी त्याने अशी जागा निवडली की जिथे येऊन कुणी मागणार नाही. दक्षिण शिखराचा उघडा कडा. तिथवर जायला वाट नव्हती म्हणून वाट काढावी लागली. ती ही वाट.

कथेला पुढे एक टोक आहे. दोघे शिष्य या खोदकामाला इतके विटले की गुरू दोरावर लोंबकळून काम करीत असताना त्यांनी दोर कापला. सुटलो म्हणून डोंगर उतरू लागले, तर समोरून गुरू वर चढून येताना दिसला. फळ्यांच्या शेवटी आजही एक गुहा आहे आणि लोक तिला म्हाताऱ्या हअची गुहा म्हणतात. तिच्या वर, जिथे पाखराने बसायलाही विचार करावा अशा जागी, ‘छुआनजन कडा’ अशी मोठी अक्षरे कोरलेली आहेत.

मला या कथेत दोर कापण्याचा चमत्कार महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे वाटते ते हे की, त्या वाटेचा धोका हा कुणाची परीक्षा घ्यायला मुद्दाम रचलेला नव्हता. मागेल त्याला देत गेलेल्या माणसाला शेवटी जी जागा उरली, ती कड्यावर होती, एवढेच.

आणि आता आपल्याकडे येऊ. झीझनची माणसे कड्याला भोके पाडत होती त्याच शतकात, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानदेवांनी भावार्थदीपिका सांगितली. सहाव्या अध्यायात गीता ‘आरुरुक्षु’ असा शब्द वापरते. योगावर चढू पाहणारा. पुढे ‘योगारूढ’ म्हणजे चढून पोचलेला. संस्कृतात हे क्रियापद इतके गुळगुळीत झालेले आहे की त्यात कुणाला चढ दिसत नाही. ज्ञानदेवांना दिसला. चढायचे म्हटले तर डोंगर हवा, आणि डोंगर हवा तर त्याला पायथा, वाट, कडा, पठार सगळे हवे. मग त्यांनी अख्खा योगाचा डोंगरच उभा केला.

ज्ञानेश्वरी ज्यांच्या घरात आहे त्यांनी तो भाग काढून जरूर पाहावा. अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे, पुढच्या प्रसिद्ध कुंडलिनीच्या वर्णनाच्या बराच आधी. यमनियम हा पायथा. आसन ही पाऊलवाट. तिथून प्राणायामाच्या अंगाने वर यायचे. इथवर कष्ट आहेत पण वाट आहे. मग लागतो प्रत्याहाराचा ‘अधाडा’, तुटलेला कडा. तो बुद्धीच्याही पायांना निसरडा आहे. पैजेने चढणारे, हट्टी, ते इथे कड्याशी येऊन पैज सोडून देतात. मग इथून जायचे कसे? ज्ञानदेव म्हणतात, अभ्यासाच्या बळाने, आणि हळूहळू लागत जाणाऱ्या वैराग्याच्या ‘नखी’ने. नखी म्हणजे नखांची पकड. कड्यावर पाय ठेवायला जागा नसते तेव्हा बोटाचे टोक कपारीत रुतवून धरतात, ती. त्यापुढे मोकळे पठार, मग धारणा, ध्यान, आणि शेवटी अशी सपाट जमीन की पुढे जायला पुढचे उरत नाही आणि मागचे आठवायला मागचे उरत नाही. समाधी तिथे आहे. शिखराच्या सुळक्यावर नाही, सपाटीवर.

हा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा गोदावरीच्या सखल काठी बसून बोलत होता आणि तरीही कड्यावर पकड कशी घेतात ते त्याला नेमके ठाऊक होते. लहान वयातच सह्याद्रीच्या वाटा त्याच्या पायांखालून गेल्या होत्या. त्र्यंबकेश्वराला ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना निवृत्तिनाथांना गहिनीनाथ भेटले, ही परंपरेतली कथा आपण जाणतोच. तीही डोंगरवाटेवरचीच.

नाथांचा योग आणि छुआनजनांचे साधन यांत आणखी एक साम्य आहे. त्यांची देवाणघेवाण झाली असे मी म्हणत नाही, शेजारी दोन चित्रे ठेवतो एवढेच. आपण पाठीच्या कण्याला मेरुदंड म्हणतो. मेरू हा पर्वत. श्वास त्या पर्वतातून वर न्यायचा. ताओ साधूही श्वास कण्यातून वर नेतात आणि त्या वाटेवर तीन अवघड खिंडी मानतात. बीजिंगच्या छुआनजन मठात १८८६ मध्ये कोरलेली एक शिळा आहे. तिच्यावर बसलेल्या साधकाचे शरीर डोंगरासारखे काढले आहे: कणा म्हणजे कडेकपारीतून वर जाणारी वाट, डोके म्हणजे शिखरे, आणि तळाशी पाणी उलटे वर चढवणारी मुले रहाट फिरवीत आहेत. म्हणजे हुआशानच्या फळ्यांवरून सरकणाऱ्या साधूच्या लेखी डोंगर दोन होते, आणि बाहेरचा त्यातल्या त्यात सोपा.

त्या छायाचित्राकडे आता पाहतो तेव्हा थोडे वाईट वाटते. जिथे हट्टी माणसाने पैज सोडून द्यावी असे ज्ञानदेव सांगतात, तिथे आज माणसे नेमकी पैज लावायला जातात. त्यांना मी हसणार नाही. पट्टा असला तरी दरी खरी असते आणि घसा खराच कोरडा पडतो. खटकते ते हे की आपल्याकडेही साधनेबद्दल बोलताना हाच सूर लागतो. अमक्याने बारा वर्षे मौन पाळले, तमका बर्फात बसला, फलाणा एका पायावर उभा राहिला. जितका कडा उभा तितका साधू मोठा. झीझनची मोजणी वेगळी होती, त्याच्या खात्यावर गुहा मांडलेल्या आहेत आणि त्याही दुसऱ्यांना दिलेल्या.

स्वतः ज्ञानदेवांनी हा डोंगर इतका हुबेहूब उभा केला आणि बाराव्या अध्यायात, अव्यक्ताच्या मागे लागलेल्यांच्या हालांचे वर्णन करून, भक्तीची वाट त्यापेक्षा किती सुखाची ते सांगितले. त्यांच्या मागून गेलेली माणसे डोंगर चढली नाहीत. ती भीमेच्या सपाट काठाकडे चालत गेली, टाळ घेऊन, पोरेबाळे घेऊन. आमच्याकडे सांखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीच्या काठी तोच विठोबा उभा आहे आणि गोव्यातून आजही दिंड्या पंढरीला पायी जातात. त्या वाटेवर हुइशिन धोंडा लागत नाही. आईबापांची आठवण ठेवायला तिथे निराळे सांगावेही लागत नाही, कारण पुंडलिकाच्या मागेच तो देव विटेवर थांबलेला आहे.

पण तेवढ्यावरून नाथांची अवघड वाट आपल्या भागात ओस पडली असेही नाही. सीमेपलीकडे हाकेच्या अंतरावर बांद्याला १७१४ मध्ये जन्मलेले सोहिरोबानाथ आंबिये गावचे कुळकर्णी होते. हिशेब, वसुली, दप्तर. दरबारच्या बोलावण्यावरून सावंतवाडीला निघाले असताना इन्सुलीच्या रानात त्यांना सिद्धपुरुष भेटला, अशी कथा सांगतात. पुढे त्यांनी कुळकर्णीपण सोडले आणि उत्तरेकडे निघून गेले. बांदा ते सावंतवाडी ही वाट आता बसने अर्ध्या तासाची. इन्सुलीच्या वळणावर मी खिडकीतून दरवेळी पाहतो. रान आहे. बस थांबत नाही.

हुआशानच्या त्या फळ्यांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ती वाट गुहेशी संपते, पुढे कुठेच जात नाही. परत यायचे ते त्याच वाशांवरून. त्यामुळे जाणारा आणि येणारा मध्येच कुठेतरी समोरासमोर येतात. तेव्हा एकाने कड्याला अंग चिकटवून उभे राहायचे आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीमागून, दरीच्या बाजूने पाय टाकून, त्याला जवळजवळ मिठी मारूनच पुढे सरकायचे. दोघेही त्या वेळी एकच साखळी धरून असतात.